खारूच्या अर्ध्या रजेचं प्रकरण

माझ्या बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या निर्णयाविरुद्ध एकच अपील टिकलं. अपील करणारी व्यक्ती तेव्हा आठ वर्षं चार महिन्यांची होती, तिचा वरचा एक दात पडलेला होता, आणि ती माझी मुलगी होती.

मी आस्थापना शाखेत आहे. म्हणजे आमच्या कचेरीतल्या साडेतीनशे माणसांच्या रजा माझ्या टेबलावरून जातात. कोणाची आत्या किती वेळा वारली, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक असतं. एका गृहस्थांची एकच आत्या तीनदा वारली, तेव्हा तिसऱ्या अर्जावर मी शांतपणे शेरा मारला, "मागील दोन्ही प्रसंगांचे कागद जोडावेत." तेव्हापासून त्यांच्या घरात कोणी वारलेलं नाही. सांगायचा मुद्दा हा की रजेच्या बाबतीत मला कोणी शेंडी लावू शकत नाही, अशी माझी ख्याती होती. होती, असं म्हणतो.

तर एके दिवशी शाळेतून चिठ्ठी आली. "आपल्या पाल्याचे वाचन अडखळते. हातच्याची वजाबाकी येत नाही. घरून आधार मिळत नसल्याचे दिसते. सहा आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊ. सुधारणा न दिसल्यास पाल्यास त्याच इयत्तेत ठेवावे लागेल."

मला तिसरं वाक्य लागलं. घरून आधार मिळत नाही म्हणजे काय? मी काय घरात भाडेकरू आहे? बायकोला मात्र शेवटचं वाक्य लागलं. ती रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि कागदावरचा नेमका कोणता आकडा वाईट आहे, हे तिला लगेच कळतं. तिनं चिठ्ठी घडी करून ठेवली आणि खारूला जवळ घेऊन बसली.

खारू म्हणजे आमची मुलगी. पेन्सिली कुरतडते म्हणून खारूताई, आणि घाईत खारू. तिनं आईला जे सांगितलं ते मी दारातून ऐकलं. "आई, मला अक्षर दिसतं गं. पण ते तोंडात येईपर्यंत मागची मुलं हसतात. मग ते जातं. म्हणून माझी पाळी आली की मी पाणी प्यायला जाते." मग म्हणाली, "मी ढ आहे ना?"

मला फार वाईट वाटलं. हे आत्ताच सरळ सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे काही केलं ते ऐकून तुम्हाला वाटेल की या माणसाला काळीज नाही, नुसता शिक्का आहे.

माणसावर संकट आलं की शेजारी धावून येतात. आमच्या खाली दातांचे डॉक्टर राहतात. तोंडाशी संबंध असलेली प्रत्येक गोष्ट त्यांना आपल्या अखत्यारीतली वाटते. ते म्हणाले, "वाचन म्हणजे शेवटी जबड्याचंच काम. सकाळी दात घासताना समोर शब्द हवेत. तेव्हा मेंदू ताजा असतो." मी न्हाणीघरातल्या आरशाभोवती चाळीस शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. खारू तोंडात ब्रश धरून वाचायची, त्यामुळे प्रत्येक शब्द फेसासकट यायचा. आरसा पांढरा, चिठ्ठ्या ओल्या, आणि कचेरीत जायच्या माझ्या सदऱ्यावर रोज नवी नक्षी. आठवड्याअखेर तिला चार शब्द पक्के आले होते, आणि ते चारही टूथपेस्टच्या नळीवर छापलेले होते. मला दाढी करताना आरशात माझ्या तोंडाऐवजी "वटवाघूळ" दिसायचं, ते वेगळंच.

वरच्या मजल्यावर मोजणीदार काका आहेत. जन्मभर जमिनी मोजल्या, आता निवृत्त आहेत आणि मोजायला काही उरलेलं नाही म्हणून कासावीस असतात. ते म्हणाले, "वहीत गणित येत नसतं हो. गणित पायांनी शिकायचं. पोरीला माझ्याकडे द्या." त्यांनी आपली जुनी फीत काढली आणि खारूला घेऊन इमारतीच्या आवारात गाड्या लावायच्या जागा मोजायला सुरुवात केली. मी गॅलरीतून कौतुकानं पाहत होतो. तासाभरात असं सिद्ध झालं की इमारतीच्या अध्यक्षांची जागा इतर सर्वांच्या जागेपेक्षा दोन वीत जास्त रुंद आहे. गेली दहा वर्षं ही गोष्ट कोणाच्या लक्षात आली नव्हती आणि इमारतीत शांतता होती. त्या संध्याकाळी सभा बोलावली गेली. दोन कुटुंबांचं बोलणं बंद झालं, आणि मला लेखी दिलगिरी द्यावी लागली. रात्री जेवताना मी खारूला विचारलं, "बरं, मोठ्या जागेतून लहान जागा वजा केली की काय उरतं?"

"भांडण," खारू म्हणाली.

तिचं उत्तर चूक नव्हतं, पण चाचणीत ते चालणार नव्हतं.

मग मी स्वतः सूत्रं हातात घेतली. गोष्टीची सहा पुस्तकं आणली. रोज संध्याकाळी खारूला शेजारी बसवून वाचायला सांगितलं. तिनं शब्दाचं पहिलं अक्षर उच्चारलं की उरलेला शब्द मी म्हणायचो, म्हणजे तिला मदत व्हावी. चौथ्या दिवशी तिनं पुस्तक मिटलं आणि नुसती डोळे पुसत बसली. बायको भाजी निवडत होती, ती मान वर न करता म्हणाली, "अहो, तुम्ही तिच्या आधी वाचून मोकळे होता. मग तिनं कशाला वाचावं?"

मी दुखावलो. मी पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला. आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की आपलं चुकतंय कुठे. आपण हे काम घरच्यासारखं करतोय. त्याला शिस्त नाही, नोंद नाही, जावक क्रमांक नाही. साडेतीनशे माणसं मी ज्या रीतीनं हाकतो ती रीत सोडून मी गोष्टी वाचत बसलो होतो!

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा बाजूला सारला आणि "घरगुती वाचन व गणित (उपस्थिती व रजा) नियम" तयार केले. एकूण अकरा. रोज वीस मिनिटं वाचन आणि दहा मिनिटं गणित. हजेरीपटावर पालकाची सही. दर पाच हजेऱ्यांना अर्धा दिवस रजा जमा. रजा हवी असल्यास लेखी अर्ज. मी काही हे नियम शून्यातून लिहिले नाहीत. कचेरीतले रजेचे नियम समोर ठेवले आणि जिथे "कर्मचारी" होतं तिथे "विद्यार्थिनी" केलं. अनुभवी माणूस असाच काम करतो. माझा घात त्यातच झाला, पण ते पुढे येईल.

घरी येऊन एक प्रत स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर, खारूच्या डोळ्यांच्या उंचीवर लावली. एक प्रत बायकोला माहितीसाठी दिली. तिनं ती शेवटपर्यंत वाचली.

"यात मी कोण?"

"अपिलीय अधिकारी. नियम दहा."

"आणि स्वयंपाक?"

"तो या नियमांच्या कक्षेत येत नाही."

ती हसली नाही. मला वाटतं तिनं तेव्हाच पुढचं ओळखलं होतं.

पहिले दहा दिवस सुरळीत गेले. खारू बसायची, अडखळायची, मी घड्याळ लावून सही करायचो. फरक म्हणाल तर तसूभर नाही. एक गोष्ट मात्र मी पाहत होतो आणि तिला महत्त्व देत नव्हतो. ही मुलगी येता-जाता त्या कपाटासमोर उभी राहायची. एक बोट कागदावर, ओठ हलताहेत. मला वाटायचं, फळीवरच्या बिस्किटांच्या डब्याकडे डोळा आहे.

अकराव्या दिवशी माझ्या हातात अर्ज पडला. पेन्सिलीनं लिहिलेला, एका कोपऱ्यात दातांच्या खुणा. "मला उद्या रजा पाहिजे. माझी एक रजा जमा आहे. कारण कंटाळा."

मला हसू आलं. कंटाळा हे कारण आमच्याकडे साडेतीनशे माणसांचं असतं, पण लिहायचं धाडस आजवर कोणी केलं नव्हतं. मी शेरा मारला, "कारण समाधानकारक नाही. चर्चा करावी." आणि कागद प्रलंबित ठेवला. ज्यांना कचेरीचा अनुभव नाही त्यांच्यासाठी सांगतो, "चर्चा करावी" लिहिलेल्या कागदावर चर्चा कधीच होत नाही. त्यासाठीच तसं लिहायचं असतं.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी घरी आलो तर खारू गादीवर पालथी पडून रंगवत होती. मी घड्याळ काढलं. ती म्हणाली, "आज मी रजेवर आहे."

"मंजूर कोणी केली?"

तिनं माझं बोट धरलं आणि मला कपाटापाशी नेलं. नवव्या नियमावर आपलं बोट ठेवलं आणि वाचलं, "अर्ज मिळाल्यापासून तीन दिवसांत निर्णय न कळविल्यास रजा मंजूर झाली असे समजण्यात येईल."

मी ते स्वतः पुन्हा वाचलं. ते कलम आमच्या कचेरीच्या नियमांत आहे. युनियनवाल्यांनी फार वर्षांपूर्वी भांडून घातलेलं आहे, आणि मी ते डोळे झाकून घरात उतरवून आणलं होतं. सापाला दूध पाजतात म्हणतात, मी तर त्याला नियमावलीत जागा करून दिली होती.

"अहो," बायको मागून म्हणाली. तिचा आवाज जरा वेगळा होता. "तिनं आख्खं वाक्य वाचलं. न अडता."

"वाक्य राहू दे," मी म्हणालो. "त्या कलमाचं काय करायचं ते बघ!"

हे मी खरंच म्हणालो. बायको आजही पाहुण्यांना सांगते.

त्या संध्याकाळी मी पहिलं शुद्धिपत्रक काढलं. नियम नऊ रद्द. खारूनं ते झोपायच्या आत वाचलं आणि विचारलं, "पण आधीच मिळालेली रजा परत घेता येत नाही ना? इथे 'यापुढे' लिहिलंय." मी दुसरं शुद्धिपत्रक काढलं. तिनं त्यातही फट शोधली. मग मी माझं ठेवणीतलं शस्त्र काढलं, म्हणजे भाषा. "तथापि", "उपरोक्त", "अन्यथा नमूद केले नसल्यास". बावीस वर्षांत या शब्दांपुढे भलेभले पदवीधर माझ्या टेबलासमोर पांढरे पडलेले मी पाहिले आहेत. खारू वर गेली आणि मोजणीदार काकांकडून शब्दकोश घेऊन आली. "उपरोक्त म्हणजे वर सांगितलेलं," तिनं मला कळवलं. "मग वर सांगितलेलं असंच का नाही लिहीत?" मी पुढचं शुद्धिपत्रक लिहायला घेतलं. याचं उत्तर आमच्या साहेबांकडेही नसावं.

नियम लावल्यापासून तीन आठवड्यांत त्या कपाटाचं दार कागदांनी भरून गेलं. मूळ नियम एक पान, शुद्धिपत्रकं चौदा. मी लिहीत गेलो, ती वाचत गेली. गोष्टीची सहा पुस्तकं मात्र तशीच पडून होती.

गणिताचंही तेच. तिनं आपल्या वहीच्या मागच्या पानांवर स्वतःची नोंदवही उघडली. एका आठवड्यात ती पाणी प्यायला उठल्याची मिळून सतरा मिनिटं मी कापली. वाचनाचे एकशे चाळीस, त्यातून सतरा गेले. मी लिहिलं, एकशे तेरा. खारूनं माझ्यासमोर वही धरली. "बाबा, शून्यातून सात जात नाहीत म्हणून तुम्ही चारातला एक घेतला. मग तीन उरले. तीनातून एक गेला, दोन. तुम्ही हातचा दोनदा घेतलात. एकशे तेवीस होतात." दातांचे डॉक्टर तेव्हा चहाला आले होते. ते म्हणाले, "बरोबर आहे हो तिचं." मी त्यांना दुसरा कप विचारला नाही.

अशात मला दुसऱ्या गावच्या कचेरीत तपासणीला जावं लागलं. पाच दिवस. मी परत आलो तेव्हा हजेरीपटावर त्या पाचही दिवसांच्या सह्या बायकोच्या होत्या, आणि शेजारी खारूचा अर्ज तयार होता. पंचवीस हजेऱ्या, म्हणजे अडीच रजा जमा. एक वापरली. शिल्लक दीड. तरी दीड दिवस रजा मिळावी.

आता मी पेटलो होतो हे मान्य करतो. घरातली चिमुरडी आपल्याला नवव्या कलमात पकडते, डॉक्टरांसमोर हातचा दाखवते, आणि आता दीड रजा मागते! मी शेरा लिहिला, "नियंत्रण अधिकारी दौऱ्यावर असताना झालेल्या पाच हजेऱ्या ग्राह्य नाहीत. हजेऱ्या वीस. शिल्लक रजा एक. एक मंजूर."

"पण नियम तीनमध्ये पालकाची सही आहे," खारू म्हणाली. "आई पालक नाही का?"

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्याकडे इतकं रोखून कोणी पाहिलं नसेल. "त्या सह्या माझ्याच आहेत," ती खारूला म्हणाली, "म्हणून अपील मी ऐकू शकत नाही. मी तर साक्षीदार. पुढचं बघ काय लिहिलंय ते."

पुढे नियम अकरा होता. "अपिलीय अधिकारी असमर्थ असल्यास दुसरे अपील कार्यालयप्रमुखांकडे करता येईल." हेही कचेरीतून उतरलेलं. आमच्या घराला कार्यालयप्रमुख नाही, म्हणून मी निश्चिंत होतो. खारू बराच वेळ पेन्सिल कुरतडत बसली, एवढंच मी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी शाळेतून निरोप आला. मुख्याध्यापिकाबाईंनी पालकांना तातडीनं बोलावलं आहे.

बायकोची ड्यूटी होती. मी एकटा गेलो. चाचणीला अजून दोन दिवस होते, म्हणजे चाचणी न घेताच ठरवलेलं दिसत होतं. शाळेचे जिने चढताना मला माझी चौदा शुद्धिपत्रकं आठवली आणि लाज वाटली. पोरगी वर्गात पाण्याच्या बहाण्यानं पळत होती आणि मी घरी तिचीच पाण्याची मिनिटं कापत होतो! खारू कचेरीबाहेरच्या बाकावर पाय हलवत बसली होती. तिनं मला बघून हात केला.

आत मुख्याध्यापिकाबाई आणि वर्गबाई. टेबलावर एक कागद. मी अक्षर ओळखलं, आणि कोपऱ्यातल्या दातांच्या खुणाही. वर लिहिलं होतं, "प्रति, कार्यालयप्रमुख. विषय: अर्ध्या दिवसाची रजा बाबांनी दिली नाही."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "हे तुम्ही लिहिलंत."

"मी? माझ्याविरुद्ध?"

"पालक काय वाट्टेल ते करतात. मुलांचे निबंध लिहितात, चित्रं काढतात. तुमची मुलगी वर्गात एक ओळ वाचत नाही, आणि इथे लिहिते की," बाईंनी कागद वर धरला, "'उपरोक्त हजेऱ्या नियम तीनप्रमाणे ग्राह्य धराव्यात.' आठ वर्षांची मुलगी?"

"बाई, उपरोक्त मी लिहितो," मी म्हणालो. "पण तो अर्ज इतका मुद्देसूद आहे की मला लिहिता आला नसता." आयुष्यात एवढं खरं मी कोणत्याही कचेरीत बोललो नव्हतो.

वर्गबाई म्हणाल्या, "पाठ करवून घेतलं असेल. वाचून बघायला सांगू या का? पण दुसरं काहीतरी."

खारूला आत बोलावलं. मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलावरच्या ढिगातून त्याच सकाळी वरच्या कार्यालयातून आलेलं एक परिपत्रक काढलं आणि तिच्यापुढे ठेवलं. "वाच."

खारूनं माझ्याकडे पाहिलं नाही. बोट ठेवलं. "सर्व शाळांना कळविण्यात येते की, ग्रंथालयाच्या..." आणि ती थांबली.

ती थांबली आणि खोलीतला पंखा एकदम मोठ्यानं फिरतोय असं मला वाटलं. दाराबाहेर पाण्याचं पिंप होतं, ते मला दिसत होतं. पुढचा शब्द मलाही उलटा दिसत होता. तो माझ्या जिभेवर आला होता. मी तोंड उघडलं, आणि मला बायकोचं ते वाक्य आठवलं. मी तोंड मिटलं. तेवढं जड काम मी आजवर केलेलं नाही.

"नू... त... नी," खारू म्हणाली. बोट सरकलं. "नूतनी. करणाच्या. नूतनीकरणाच्या." आणि मग ती सुटलीच. "नूतनीकरणाच्या कामासाठी ग्रंथालय दिनांक सात ते एकोणतीस, दोन्ही दिवस धरून, एकूण बावीस दिवस बंद ठेवण्यात यावे." ती पुन्हा थांबली. आता कपाळावर आठी होती. "हे चुकलंय."

"काय चुकलंय?" वर्गबाई पुढे वाकल्या.

"एकोणतीसातून सात गेले की बावीस. पण दोन्ही दिवस धरून म्हटलंय ना? मग पहिला दिवसही मोजायचा. रजेत मोजतात. तेवीस होतात."

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. वर्गबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरावर बोट ठेवून मोजायला सुरुवात केली. मुख्याध्यापिकाबाईंनी टेबलाखाली बोटांवर मोजलं, मी पाहिलं. तेवीस झाले. परत मोजले. तेवीसच.

"बाळ," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा करशील?"

खारूनं अपिलाचा कागद उलटा केला आणि मांडणी केली. मधल्या शून्यापाशी पेन्सिल दातांत गेली, बाहेर आली. दोनशे चोवीस.

"पुन्हा चाचणी घ्यायची गरज आहे का?" बाईंनी वर्गबाईंना विचारलं.

"चाचणी कसली," वर्गबाई म्हणाल्या. त्या खारूकडेच बघत होत्या. "ही वरच्या वर्गात जाणार. आणि उद्यापासून फळ्यावरच्या सूचना हीच वाचून दाखवील. कोणी हसलं तर मी आहे." त्यांना मागच्या बाकांवरचं हसू माहीत होतं तर.

मला काय झालं ते मी लपवणार नाही. मी रुमाल काढला आणि त्यात बराच वेळ काढला. माझी मुलगी ढ नव्हती. ती कधीच नव्हती. तिला फक्त वाचण्याजोगं काहीतरी हवं होतं, आणि ते मी लिहिलं होतं, तेही तिला अडवण्यासाठी!

"आता मूळ प्रकरण," मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. मला वाटलं त्या गंमत करताहेत. पण त्या मुळीच हसत नव्हत्या. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या. मी दौऱ्याचा मुद्दा मांडला. बाईंनी विचारलं, "तुमच्या पत्नी पालक आहेत की नाहीत?" मी म्हणालो, "आहेत." त्यांनी लाल पेन उचललं आणि अर्जावर लिहिलं, "अपील मान्य. अर्धी रजा द्यावी. नियंत्रण अधिकाऱ्यास समज देण्यात येत आहे." खाली सही, शिक्का. समज मी उभ्यानंच घेतली. माझ्या सेवेतली ती एकमेव समज आहे आणि तिची प्रत मी जपून ठेवली आहे.

आम्ही दोघं पायी घरी निघालो. मी बायकोला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आणि हातच्याची?" मी म्हणालो, "मधल्या शून्यावरून हातचा घेतला." पलीकडे तिनं कोणालातरी ओरडून सांगितल्याचं ऐकू आलं. प्रयोगशाळेत इतका आरडाओरडा चालत नाही, पण मी त्याची नोंद घेतली नाही.

खारू लाल शाईचा कागद हातात धरून पुढे उड्या मारत चालली होती. हरलेला पक्ष म्हणून मला थोडं गंभीर राहणं भाग होतं, पण जमत नव्हतं. रस्त्यातल्या औषधवाल्यालासुद्धा मी थांबून सांगितलं. त्याला काही कळलं नाही, तरी त्यानं अभिनंदन केलं.

"मग दीड रजा कधी घेणार?" मी विचारलं. "उद्यापासून?"

"हो. उद्या पूर्ण आणि परवा अर्धी." तिनं कागदाची नीट घडी केली. "बाबा, रजेच्या दिवशी माणसानं काम केलं तर काय होतं?"

"त्याला बदली रजा मिळते. का गं?"

"त्या सहा पुस्तकांपैकी एकात वटवाघूळ आहे. काल मी पाहिलं. उद्या ते वाचलं तर माझी रजा वाया नाही ना जाणार?"

बावीस वर्षांत साडेतीनशे माणसांपैकी एकानंही मला हा प्रश्न विचारलेला नाही. नियमाप्रमाणे त्यासाठी आगाऊ लेखी अर्ज लागतो, कारण लागतं, शिफारस लागते. मी भर रस्त्यात, अर्जाशिवाय, जावक क्रमांकाशिवाय, तोंडी मंजुरी दिली.